ट्यूमर मार्करच्या एका आकड्यावर निदान नको

प्रति,
मा. संपादक,
कोल्हापूर.

विषय : मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमधील सीईए या रक्ततपासणीच्या रिपोर्टबाबत

महोदय,

रक्ततपासणीच्या पॅकेजची पत्रके आता राजारामपुरीतल्या गल्ल्यांपासून कागल, गडहिंग्लजच्या बाजारपेठांपर्यंत सगळीकडे वाटली जातात. साखर, थायरॉईड, कोलेस्टेरॉल, जीवनसत्त्वे या यादीच्या शेवटी अलीकडे ‘कॅन्सर मार्कर’ म्हणून दोन-तीन तपासण्या जोडलेल्या असतात आणि थोडे पैसे जास्त भरले की सगळेच एकदम होऊन जाईल, म्हणून लोक त्याही करून घेतात. संध्याकाळी मोबाईलवर रिपोर्टची पीडीएफ येते, एखाद्या आकड्यासमोर ठळक अक्षरात ‘हाय’ असे छापलेले असते आणि त्या घरात रात्रभर कुणाला झोप लागत नाही. नोकरीची सगळी वर्षे मी कोल्हापुरातल्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळांत तंत्रज्ञ म्हणून काढली असल्यामुळे असे रिपोर्ट घेऊन ओळखीचे आणि नात्यातले लोक निवृत्तीनंतरही माझ्याकडे येत असतात. मी डॉक्टर नाही आणि निदान करणे हे माझे काम नाही. परंतु ही तपासणी काय सांगू शकते आणि काय सांगू शकत नाही, याविषयी रुग्णांच्या घरी केवढा गैरसमज आहे हे मी जवळून पाहिले आहे, आणि तो दूर व्हावा या एकाच हेतूने हे पत्र लिहीत आहे.

मोठे आतडे आणि गुदाशय यांच्या कॅन्सरमध्ये सर्वाधिक वापरला जाणारा मार्कर (कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारा पदार्थ) म्हणजे सीईए, अर्थात कार्सिनोएम्ब्रियॉनिक अँटिजेन. शर्करेच्या साखळ्या जोडलेले हे एक प्रथिन आहे. गर्भातल्या बाळाच्या आतड्यात ते भरपूर तयार होते. जन्मानंतर त्याचे प्रमाण अगदी कमी होते, पण ते शून्यावर येत नाही, निरोगी माणसाच्या आतड्याच्या अस्तरातही ते थोडे-थोडे बनतच राहते. १९६५ साली कॅनडात मॉन्ट्रियल येथे फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन या दोघांनी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या गाठींमध्ये ते शोधून काढले, तेव्हा रक्ताच्या एका नमुन्यावरून हा कॅन्सर ओळखता येईल अशी मोठी आशा निर्माण झाली होती. ती आशा फार काळ टिकली नाही. हेच प्रथिन जठर, स्वादुपिंड, फुप्फुस, स्तन यांच्या कॅन्सरमध्येही वाढते, कॅन्सर नसलेल्या कित्येक आजारांत वाढते, आणि उलट मोठ्या आतड्याचा कॅन्सर असूनही अनेकांच्या रक्तात ते वाढलेले नसते, हे पुढच्या संशोधनातून स्पष्ट झाले. म्हणूनच कोणतीही तक्रार नसलेल्या माणसात कॅन्सर शोधण्यासाठी सीईए करू नये, असे अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत फार पूर्वीपासून नमूद आहे. पॅकेजच्या पत्रकावर मात्र याचा उल्लेख मला कधी आढळलेला नाही.

रिपोर्टवर जी ‘नॉर्मल’ मर्यादा छापलेली असते ती बहुतेक ठिकाणी धूम्रपान न करणाऱ्यांसाठी सुमारे ३ आणि करणाऱ्यांसाठी ५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर इतकी असते. काही रिपोर्टवर मायक्रोग्रॅम प्रति लिटर असे एकक लिहिलेले असते. त्याने घाबरून जाऊ नये, दोन्हींचा आकडा एकच येतो. धूम्रपान करणाऱ्यांची मर्यादा वेगळी का, हा प्रश्न मात्र फारसे कुणी विचारत नाही. विडी-सिगारेटने सीईए वाढते आणि आपला जिल्हा तर निपाणीच्या तंबाखूच्या पट्ट्याला लागून आहे. कागल तालुक्यातले एक शेतकरी गृहस्थ, वर्षानुवर्षे विडी ओढणारे, मुलाने हौसेने काढून दिलेल्या पॅकेजमध्ये सीईए ६.२ आले म्हणून हादरून गेले होते. रिपोर्ट हाती आल्यावर डॉक्टरकडे जाण्याआधीच कुणीतरी त्यांना पेट स्कॅनचा सल्ला दिला आणि उसाच्या बिलाचे पैसे त्यात गेले. स्कॅन झाला, दुर्बिणीची तपासणी झाली, कुठे काही सापडले नाही. विडीबद्दल त्यांना पहिल्यांदा विचारले ते सर्वांत शेवटी भेटलेल्या डॉक्टरांनी. ही चौकशी नमुना घेतानाच व्हायला हवी होती आणि तिचे उत्तर रिपोर्टवर यायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

धूम्रपानाखेरीज कारणे बरीच आहेत. सीईए शरीरातून बाहेर टाकण्याचे मुख्य काम यकृत करते. त्यामुळे कावीळ, सिरॉसिस, पित्तनलिकेतला अडथळा अशा आजारांत कॅन्सर नसतानाही ते साचत जाते. स्वादुपिंडाची सूज, आतड्याचे दीर्घकालीन दाहाचे आजार, जठरातील व्रण, जुनाट दमा-खोकल्यासारखे फुप्फुसाचे विकार, मूत्रपिंड निकामी होणे, थायरॉईडची कमतरता यांतही ते थोडे वर सरकू शकते. अशा कारणांनी वाढलेले सीईए सहसा १० च्या वर जात नाही आणि पुन्हा-पुन्हा तपासले तर एका पातळीवर रेंगाळते किंवा मूळ आजार बरा झाला की खाली येते. कॅन्सरमुळे वाढणारे सीईए चढत राहते. त्यामुळे पहिल्यांदा थोडा वाढलेला आकडा दिसला, तर डॉक्टर बऱ्याचदा काही आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा करायला सांगतात. रुग्णाच्या नातेवाइकांना हा वेळकाढूपणा वाटतो. खरे तर दुसऱ्या आकड्याशिवाय पहिल्या आकड्याचा अर्थच लागत नसतो.

वाढलेल्या आकड्याच्या भीतीपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती ‘नॉर्मल’ आकड्याने मिळणाऱ्या खोट्या दिलाशाची. शौचावाटे रक्त जाणे म्हणजे मूळव्याधच, हे आपल्याकडे इतके पक्के धरलेले आहे की वर्षभर रक्त जात असूनही माणूस एसटी स्टँडजवळच्या फलकावर पाहिलेली औषधे घेत राहतो. अशाच एका परिचितांनी घरच्यांच्या आग्रहाखातर मार्कर असलेली तपासणी करून घेतली. सीईए २.१ आले, नॉर्मल रकान्यात बसले आणि ‘कॅन्सर नाही’ असे ठरवून घरच्यांनी विषय मिटवला. पुढे वजन उतरू लागले, हिमोग्लोबिन खाली गेले आणि कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीची तपासणी, झाली तेव्हा गाठ बरीच वाढलेली होती. सीईए खोटे बोलले नव्हते. कॅन्सर सुरुवातीच्या टप्प्यावर असतो तेव्हा बहुसंख्य रुग्णांत ते मर्यादेच्या आतच असते, आणि काही गाठी, विशेषतः ज्यांच्या पेशींचे मूळ रूप फारच बिघडलेले असते अशा, पुढच्या टप्प्यातही हे प्रथिन फारसे तयार करत नाहीत. शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकणारा बदल, रक्त जाणे, कारण न सापडणारा रक्तक्षय, आपोआप उतरणारे वजन, किंवा जवळच्या नात्यात कुणाला हा आजार झालेला असणे, यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टरांकडून गुदद्वाराची बोटाने तपासणी व्हावी आणि त्यांच्या सल्ल्याने कोलोनोस्कोपी व्हावी. ही तपासणी संकोचाची वाटते, विशेषतः आपल्या घरांतल्या वयस्कर स्त्रिया तिचे नावही काढू देत नाहीत, हे मी जाणतो. तक्रार नसताना चाळणी तपासणीच करायची असेल, तर शौचातील डोळ्यांना न दिसणारे रक्त शोधणारी तपासणी आहे. ती स्वस्त आहे आणि त्या कामासाठी सीईएपेक्षा पुष्कळ उपयोगी आहे. सीईए नॉर्मल आहे या आधारावर यांपैकी काहीही टाळू नये.

मग ही तपासणी नेमकी कुणासाठी आहे? ज्यांच्या मोठ्या आतड्याच्या किंवा गुदाशयाच्या कॅन्सरचे निदान बायोप्सीने पक्के झाले आहे, त्यांच्यासाठी. आणि त्यांच्यासाठी ती खरोखर मोलाची आहे, हे मला इतक्याच ठामपणे सांगायचे आहे. वरचे वाचून एखाद्या रुग्णाने आपली नियमित तपासणी थांबवली तर या पत्राचा उपयोग होण्याऐवजी नुकसानच होईल.

निदान झाल्यावर आणि शस्त्रक्रियेआधी घेतलेला सीईएचा आकडा हा त्या रुग्णाचा आधारबिंदू असतो. तो खूप वाढलेला असेल तर आजार इतरत्र, बहुधा यकृतात, पसरला आहे का याचा डॉक्टर अधिक कसून शोध घेतात. आतड्याला अडथळा होऊन रुग्ण तातडीने भरती होतो आणि रात्रीतच शस्त्रक्रिया करावी लागते, तेव्हा हा नमुना घ्यायचा राहून जातो. शक्य असेल तेथे शस्त्रक्रियेपूर्वी काढलेल्या रक्तातूनच तो करून घ्यावा. संपूर्ण गाठ निघाली असेल तर रक्तातले सीईए लगेच नाहीसे होत नाही. साधारण काही दिवसांत ते निम्मे होते, आणखी काही दिवसांत उरलेल्याच्या निम्मे, असे करत ते सामान्यतः चार ते सहा आठवड्यांत मर्यादेत येते. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर आठवड्याभरातच उतावीळपणे तपासणी करून ‘अजून वाढलेलेच आहे’ म्हणून रडणाऱ्या नातेवाइकांना मी थांबा एवढेच सांगत आलो आहे. सहा आठवड्यांनंतरही ते खाली आले नाही, तर आजार कुठेतरी शिल्लक असण्याची शक्यता डॉक्टरांना तपासावी लागते.

त्यानंतर सुरू होतो तो लांब पल्ल्याचा भाग. दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याच्या रुग्णांत पहिली दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत दर सहा महिन्यांनी सीईए करावे, अशी पद्धत जगभर रूढ आहे. यांतला प्रत्येक आकडा सुटा पाहिला तर फारसा कामाचा नाही; मागच्या आकड्यांच्या रांगेत ठेवला की तो बोलू लागतो. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी आपण कशी पाहतो ते आठवावे. इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे आकडे शाळकरी मुलालाही पाठ असतात, पण पाणी ३७ फुटांवर असले तरी ते चढते आहे की उतरते आहे आणि किती वेगाने, यावरच नदीकाठच्या चिखलीचे लोक घर सोडायचे की नाही ते ठरवतात.

माझ्या नात्यातल्या एका शिक्षिकेची फाईल मला या संदर्भात नेहमी आठवते. शस्त्रक्रियेआधी त्यांचे सीईए ४२ होते. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांनी ते ३.१ झाले आणि केमो संपल्यानंतरही दीड-दोन वर्षे २.४ ते ३.२ च्या दरम्यान राहिले. त्यानंतरच्या तपासणीत ते ४.६ आले. त्या प्रयोगशाळेची मर्यादा ५ असल्याने रिपोर्टवर कोणतीही खूण नव्हती आणि घरच्यांनी नॉर्मल म्हणून तो फाईलला लावला. त्यांच्या डॉक्टरांनी मात्र मागचे सगळे आकडे एका कागदावर ओळीने मांडले आणि पुढची तपासणी सहा महिन्यांऐवजी सहा आठवड्यांनी करायला सांगितली. तेव्हा ७.९ आणि महिन्याने खात्रीसाठी पुन्हा केले तेव्हा ९.४ आले. सीटी स्कॅनमध्ये यकृताच्या उजव्या भागात एकच लहान गाठ दिसली, बाकी सर्व स्वच्छ होते, आणि ती शस्त्रक्रियेने काढता आली. यकृतात परतलेला आजार मर्यादित असताना सापडला तर तो काढून टाकून रुग्णाला बरे करण्याची संधी काही जणांत उरते. सीईएची नियमित तपासणी करायची ती मुख्यतः या संधीसाठी.

तरीही या तपासणीच्या मर्यादा रुग्णाच्या घरी माहीत असायला हव्यात. शस्त्रक्रियेनंतर आजार परत आला आहे का, हे सीईएवरून किती ओळखता येते याचा कॉक्रेन या संस्थेने २०१५ साली प्रसिद्ध केलेला आढावा या विषयावरचा महत्त्वाचा आधार मानला जातो. त्यानुसार ५ ही मर्यादा धरली, तर ज्यांना आजार परत आला आहे अशा शंभरांपैकी सुमारे ७१ जण सापडतात आणि २९ निसटतात. तर ज्यांना तो परत आलेला नाही अशा शंभरांपैकी सुमारे १२ जणांना विनाकारण धोक्याची सूचना मिळते. मर्यादा १० धरली तर सापडणाऱ्यांचे प्रमाण थोडेसेच घटून ६८ होते, पण खोटी सूचना मिळणारे शंभरांत तीनच उरतात. मर्यादा २.५ इतकी खाली आणली तर ८२ सापडतात, पण २० जणांना नाहक घोर लागतो. यावरून त्या अभ्यासकांनी असा निष्कर्ष काढला की मर्यादा खाली ओढून जास्त रुग्ण शोधायच्या मागे लागू नये आणि सीईएवर एकट्यावर कधीच विसंबू नये. सोबत सीटी स्कॅनसारखी दुसरी तपासणी असलीच पाहिजे. यकृतात परतलेला आजार सीईएमध्ये बऱ्यापैकी उमटतो. मूळ जागी, पोटाच्या आवरणात किंवा फुप्फुसात परतलेला आजार मात्र त्यातून अनेकदा निसटतो. ‘मार्कर नॉर्मल आहे, मग सीटी कशाला, आणि पुन्हा ती कोलोनोस्कोपी कशाला’ असे म्हणून गावाकडचे अनेक रुग्ण वर्षाने ठरलेली दुर्बिणीची तपासणी चुकवतात. उरलेल्या आतड्यात नवा पॉलिप (अस्तरावरचा लहान कोंब) तयार होत असेल तर तो सीईएमध्ये दिसणार नाही, तो दुर्बिणीतूनच दिसेल.

केमोथेरपी चालू असतानाचा एक प्रसंग स्वतंत्रपणे सांगायला हवा, कारण त्यात माणसे उपचार सोडून देतात. ऑक्झालिप्लॅटिन हे औषध असलेली केमो सुरू झाल्यावर पहिल्या चार ते सहा आठवड्यांत काही रुग्णांचे सीईए खाली येण्याऐवजी तात्पुरते वर जाते. औषधाने गाठीच्या पेशी मरताना त्यांच्यातले प्रथिन रक्तात उतरणे हे त्याचे एक कारण मानले जाते. शिवाय केमोचा यकृतावर होणारा परिणामही त्यात भर घालू शकतो. असे रुग्ण नंतर उत्तम प्रतिसाद देतात असे कित्येकदा दिसते. परंतु केमोच्या दुसऱ्या फेरीनंतर वाढलेला आकडा पाहून ‘औषध लागू पडत नाही, उगाच हाल कशाला’ असे घरात ठरते आणि मग कुणा जडीबुटीवाल्याचा पत्ता शोधला जातो. शाहूवाडी, चंदगड, आजऱ्याकडून मुक्कामाची सोय करून केमोला येणाऱ्या कुटुंबांची ओढाताण मी पाहिली आहे. त्यांच्या निर्णयाला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. एवढेच मागणे आहे की उपचार थांबवायचा की बदलायचा हे एकट्या मार्करवर ठरवू नये, स्कॅनमध्ये गाठींचा आकार काय दिसतो आणि रुग्णाची प्रकृती कशी आहे हे डॉक्टरांना पाहू द्यावे. आणि पहिल्या दीड महिन्यात आकडा वर जाऊ शकतो, हे वाक्य केमो सुरू करतानाच रुग्णाला सांगावे, अशी डॉक्टरांना नम्र विनंती आहे. आधी सांगितलेले असले की माणूस धीराने घेतो.

आता माझ्या स्वतःच्या क्षेत्राविषयी. सीईए मोजणाऱ्या यंत्रांत त्या प्रथिनाला दोन बाजूंनी पकडणारी प्रतिपिंडे (अँटीबॉडीज) वापरली जातात आणि प्रत्येक कंपनीची प्रतिपिंडे थोडी वेगळी असतात. एकच नमुना दोन वेगवेगळ्या यंत्रांवर लावला तर आकडे वेगळे येऊ शकतात, आणि दोन्ही यंत्रे आपापल्या जागी बरोबर असतात. आपल्याकडे आज एक नमुना शहरातल्या प्रयोगशाळेत लागतो आणि पुढचा, सवलत मिळाली म्हणून, एखाद्या कलेक्शन सेंटरमधून पुण्याला किंवा मुंबईला जातो. मग ३.२ नंतर एकदम ४.८ दिसते आणि घरात काहूर माजते. प्रत्यक्षात शरीरात काहीच बदललेले नसते. म्हणून मार्करची तपासणी शक्यतो कायम एकाच प्रयोगशाळेत करावी. काही कारणाने प्रयोगशाळा बदलावीच लागली तर एक वेळ दोन्हींकडे नमुना देऊन नवा आधारबिंदू ठरवून घ्यावा. थोडा खर्च वाढतो, पण पुढचा अनाठायी स्कॅन वाचतो.

दुसरी बाब केसांच्या आणि नखांच्या गोळ्यांची. केमोनंतर केस लवकर यावेत म्हणून अनेक स्त्रिया बायोटिनच्या गोळ्या घेतात. बायोटिनची रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम आहे आणि या गोळ्यांत बऱ्याचदा ५ ते १० मिलिग्रॅम, म्हणजे शेकडो पट बायोटिन असते. काही यंत्रांच्या पद्धतीत बायोटिनचाच वापर केलेला असल्याने रक्तातले जास्तीचे बायोटिन मोजणीत अडथळा आणते आणि सीईएचा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकतो. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१७ साली अशा अडथळ्याबद्दल सर्वसाधारण इशारा दिलेला आहे. नमुना देताना आपण कोणत्या गोळ्या घेतो हे न विचारताही सांगावे आणि बायोटिन घेत असल्यास किती दिवस आधी बंद ठेवायचे ते डॉक्टरांना विचारावे. उपाशीपोटी येण्याची या तपासणीला गरज नसते; गगनबावड्याहून पहाटेची गाडी पकडून, चहाही न घेता आलेले मधुमेही रुग्ण पाहिले की हे आधी कुणी का सांगत नाही याचे वाईट वाटते.

सीईएच्या जोडीला सीए १९-९ हा दुसरा मार्करही अनेकदा चिठ्ठीवर असतो. पित्ताचा मार्ग तुंबला की तो पुष्कळ वाढतो, आणि काही लोकांचा रक्तगट असा असतो की त्यांच्या शरीरात तो तयारच होत नाही. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या नियमित देखरेखीसाठी त्याची शिफारस केलेली नाही. डॉक्टरांनी विशिष्ट कारणाने सांगितला असेल तर जरूर करावा, पण पॅकेजमध्ये आहे म्हणून करू नये.

जिल्ह्यातील प्रयोगशाळा चालवणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना माझी विनंती आहे की सीईएच्या रिपोर्टवर केवळ आकडा आणि ‘हाय’ची खूण देऊन थांबू नये. मोजणीची पद्धत आणि यंत्राचे नाव, रुग्ण धूम्रपान करतो की नाही, आणि त्याच रुग्णाचे आपल्याकडचे मागील आकडे तारखांसह छापावेत. आज सर्व नोंदी संगणकावर असताना याला काही जास्तीचा खर्च नाही. ‘ही तपासणी कॅन्सरच्या निदानासाठी किंवा चाळणीसाठी नाही’ हे वाक्य रिपोर्टच्या तळाशी बारीक इंग्रजीत असते, ते आकड्याच्या शेजारी, वाचता येईल अशा मराठीत यावे. आणि निरोगी लोकांच्या पॅकेजमधून मार्कर काढून टाकावेत. यातून उत्पन्न थोडे कमी होईल हे मला ठाऊक आहे. मी याच व्यवसायात आयुष्य काढले आहे, आणि तरीही ही मागणी करतो आहे.

सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत कोकणातून, सीमाभागातून येणाऱ्या रुग्णांची रांग एवढी असते की प्रत्येकाला सविस्तर समजावून सांगणे एकेका डॉक्टरला शक्य होत नाही. अशा ठिकाणी रुग्णाच्या फाईलच्या पहिल्या पानावर एक साधा तक्ता चिकटवता येईल : तारीख, सीईएचा आकडा, प्रयोगशाळा, आणि त्या वेळी कोणता उपचार चालू होता. घरातले कुणीही, दहावीतली मुलगीसुद्धा, तो भरू शकेल. रुग्ण दुसऱ्या डॉक्टरकडे गेला, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून दुसऱ्या रुग्णालयात उपचाराला लागला, तरी हा कागद त्याच्याबरोबर जाईल आणि नव्या डॉक्टरांना सुरुवातीपासूनचा चढउतार एका नजरेत दिसेल.

आपल्या वृत्तपत्राच्या आरोग्यविषयक पानावर शहरातील कर्करोगतज्ज्ञ आणि पॅथॉलॉजिस्ट यांच्याकडून या विषयावर लेख लिहवून घ्यावा आणि त्यासोबत असा कोरा तक्ता कापून ठेवता येईल अशा चौकटीत छापावा, अशी माझी विनंती आहे. ज्या घरात प्रिंटरची किंवा संगणकाची सोय नाही, तिथेही वृत्तपत्र पोहोचते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
राजारामपुरी, कोल्हापूर.